गुडघा पुन्हा भरवशाचा करताना : एसीएलच्या ऑपरेशनबद्दल टप्प्याटप्प्याने

चढाई करून मागे वळताना पाय मॅटवर रुतून राहतो, अंग मात्र वळतं आणि गुडघ्यात 'कट्' असा आवाज येतो. बऱ्याचदा कुणाचा धक्काही लागलेला नसतो. कबड्डीपटूंना ही हकीकत पाठ आहे. फुटबॉलमध्ये, बॅडमिंटनमध्ये उडी मारून उतरताना, पावसात दुचाकी घसरली म्हणून पाय टेकवतानाही हेच होतं. दोन-चार तासांत गुडघा टम्म फुगतो. मांडीच्या हाडापासून नडगीच्या हाडापर्यंत सांध्याच्या आतून तिरपं जाणारं, साधारण तीन सेंटिमीटर लांबीचं एसीएल नावाचं लिगामेंट (हाडाला हाड बांधणारा पट्टा) तुटलेलं असतं. नडगीचं हाड पुढे सरकू न देणं आणि गुडघ्याला पीळ पडताना तो जागेवर धरून ठेवणं ही त्याची कामं.

त्यानंतर घरात एकच प्रश्न सुरू होतो : ऑपरेशन करायचं की नाही? याचं उत्तर एमआरआयच्या कागदावर शोधलं जातं आणि तिथेच गाडी चुकते. 'संपूर्ण तुटलंय' एवढ्या शब्दांवर ऑपरेशन ठरत नाही. गुडघा कुठल्या दिशेला निसटतो, किती निसटतो, सोबत आणखी काय फाटलंय आणि त्या माणसाला त्या गुडघ्याकडून काय काम करून घ्यायचंय, यावर ते ठरतं. पुढचं सगळं याच क्रमाने मांडलं आहे.

पहिले काही दिवस

बर्फ कापडात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. क्रेप बँडेज, पाय उशीवर उंच, चालताना कुबड्या. मालीश नको, हाडवैद्याकडून ओढून घेणं तर अजिबात नको. सूज सांध्याच्या आत झालेल्या रक्तस्रावाची असते; चोळल्याने ती वाढते, आणि सोबत हाड मोडलेलं असेल तर नुकसान मोठं.

आधी साधा एक्स-रे काढावा. कधी कधी नडगीच्या हाडाच्या वरच्या बाहेरच्या कडेला हाडाची बारीकशी कपची सुटलेली दिसते. फ्रेंच सर्जन पॉल सेगाँ यांनी १८७९ मध्ये ती वर्णिली. ही कपची दिसली की एसीएल तुटलंच असणार, असं धरून पुढची तपासणी केली जाते.

दोन परिस्थितींत मात्र थांबायचं नाही. अपघातात गुडघा पूर्ण सांध्यातून निखळतो आणि पुष्कळदा आपोआप जागेवर बसतो, त्यामुळे वरून फारसं काही कळत नाही. पण पाऊल गार पडलं असेल, बधिर असेल, घोट्यातून वर उचलता येत नसेल, तर गुडघ्यामागची मुख्य रक्तवाहिनी किंवा पायाची नस दुखावलेली असू शकते. रक्तपुरवठा सहा-आठ तासांत सुरू झाला नाही तर पाय गमावण्याची वेळ येते. अशा वेळी रक्तवाहिन्यांचे सर्जन असलेलं मोठं रुग्णालय गाठायचं, तेही लगेच. दुसरी परिस्थिती : गुडघा अर्धवट वाकून अडकला आहे आणि सरळच होत नाही. तेव्हा फाटलेली गादी (दोन हाडांमधली मेनिस्कस नावाची चकती) सांध्यात अडकलेली असू शकते, आणि तीही फार दिवस तशी ठेवता येत नाही.

हाताची तपासणी

सूज आणि दुखणं थोडं उतरल्यावर अनुभवी हाताची तपासणी फार काही सांगून जाते. लॅकमन चाचणीत रुग्ण उताणा झोपतो, गुडघा वीस-तीस अंश वाकवलेला असतो. डॉक्टर एका हाताने मांडी घट्ट धरतात आणि दुसऱ्या हाताने नडगी हलकेच पुढे ओढतात. एसीएल शाबूत असेल तर नडगी थोडी सरकते आणि खटकन थांबते. तुटलेलं असेल तर ती सरकत राहते, शेवटी कुठे अडतच नाही. सरकण्याइतकंच हे 'न अडणं' महत्त्वाचं असतं. दुसरी पिव्हट शिफ्ट चाचणी. तिच्यात गुडघ्याला पीळ देत वाकवल्यावर हाड सटकून परत जागेवर जातं. तो झटका बसताच रुग्ण स्वतःच म्हणतो, "हेच होतं मला." पायाचे स्नायू आखडलेले असतील तर ही चाचणी फसते, म्हणून ऑपरेशनच्या टेबलावर भूल दिल्यावर ती पुन्हा करतात.

एमआरआयचा खरा उपयोग बाकीच्या गोष्टींसाठी. दोन्ही गाद्या, त्यांची मुळं, कूर्चा म्हणजे हाडांच्या टोकांवरचा गुळगुळीत थर, आतल्या आणि बाहेरच्या बाजूची लिगामेंट्स, मागचं पीसीएल नावाचं लिगामेंट, या प्रत्येकाबद्दल स्पष्ट उत्तर मिळेपर्यंत ऑपरेशनची तारीख घेऊ नये. कारणं सांगतो. आतल्या बाजूचं एमसीएल बहुतेक वेळा बिजागरीच्या ब्रेसमध्ये साधारण सहा आठवड्यांत आपोआप जुळून येतं. त्यासाठी चिरफाड सहसा लागत नाही. एकटं पीसीएल दुखावलं असेल तरी बहुतेकांचं व्यायामावर भागतं. गुडघ्याच्या मागच्या-बाहेरच्या कोपऱ्यातल्या लिगामेंट्सचं मात्र तसं नाही. तिथली मोठी दुखापत आपोआप भरत नाही, आणि ती तशीच ठेवून नुसतं एसीएल नवं बसवलं तर सगळा ताण नव्या लिगामेंटवर येऊन तेही काही काळाने निकामी होतं. अयशस्वी ठरलेल्या ऑपरेशनांमागे असा नजरेतून सुटलेला कोपरा अनेकदा सापडतो.

ऑपरेशन लागेलच असं नाही

स्वीडनमध्ये १२१ तरुण, सक्रिय माणसांवर एक अभ्यास झाला, २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना लवकर ऑपरेशन, उरलेल्यांना आधी व्यायाम आणि गरज भासली तरच ऑपरेशन. दुसऱ्या गटातल्या साधारण चाळीस टक्के लोकांना दोन वर्षांत आणि निम्म्यांना पाच वर्षांत ऑपरेशन करून घ्यावं लागलं. पण उरलेल्यांना लागलंच नाही आणि दोन्ही गटांच्या गुडघ्यांची अवस्था सरासरीने सारखीच निघाली. मात्र यात व्यावसायिक खेळाडू नव्हते. २०२२ मध्ये ब्रिटनमधून ३१६ रुग्णांचा अभ्यास आला. त्यात दुखापत जुनी होती आणि गुडघा निसटण्याचा त्रास चालूच होता. तिथे ऑपरेशनचा गट स्पष्टपणे पुढे होता.

दोन्ही अभ्यास शेजारी ठेवले की वाट दिसते. कार्यालयात बसून काम करणारा, पोहणं-चालणं-सायकल एवढ्यावर समाधानी असणारा माणूस तीन महिने नेटाने व्यायाम करून पाहू शकतो. कबड्डी, खो-खो, फुटबॉल, कुस्ती यांत परतायचं असेल, गादीला टाके घालावे लागणार असतील किंवा जिना उतरताना, रिक्षातून उतरताना गुडघा साथ सोडत असेल, तर ऑपरेशनकडे झुकावं. 'कधीतरीच सटकतो' म्हणून वर्षानुवर्षं ढकलणं मला पटत नाही. प्रत्येक सटकण्यात गादी थोडी आणखी चिरडली जाते, आणि गादी गेलेल्या गुडघ्यात पुढे संधिवात लवकर येतो. नवं लिगामेंट बसवता येतं. झिजून संपलेली गादी पूर्वीसारखी करता येत नाही.

ऑपरेशनआधीची तयारी

अडकलेली गादी किंवा कोपऱ्याची मोठी दुखापत नसेल तर घाई करू नये. सुजलेल्या, आखडलेल्या गुडघ्यावर ऑपरेशन केलं तर नंतर तो कायमचा आखडून बसण्याची भीती असते. आधी तीन गोष्टी जमल्या पाहिजेत : गुडघा दुसऱ्या पायाइतकाच पूर्ण सरळ होणं, सूज जवळपास नाहीशी होणं, आणि मांडीचा पुढचा स्नायू जागा होणं. बहुतेकांना यासाठी तीन ते सहा आठवडे लागतात.

व्यायाम साधेच आहेत. टाचेखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून गुडघा खाली दाबायचा, पाच-दहा सेकंद धरायचा. पाय सरळ ठेवून उचलायचा. उचलताना गुडघा किंचितही वाकत असेल तर स्नायू अजून तयार नाही. टाच अंथरुणावर सरकवत गुडघा वाकवायचा. स्थिर सायकल मिळाली तर उत्तमच. याच काळात तंबाखू आणि सिगारेट बंद करावी. निकोटिनमुळे जखम आणि ग्राफ्ट, म्हणजे तुटलेल्या लिगामेंटच्या जागी बसवलेली कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी), दोन्ही उशिरा भरतात.

तुटलेलं शिवायचं की नवं बसवायचं?

लोकांना वाटतं की दोन टोकं शिवून टाकली की झालं. १८९५ मध्ये इंग्लंडमधल्या लीड्समध्ये मेयो रॉबसन यांनी नेमकं तेच केलं होतं. पण सांध्यातल्या वंगणासारख्या द्रवात रक्ताची गुठळी टिकत नाही आणि गुठळीशिवाय दोन टोकांमध्ये नवी उती उगवायला आधार मिळत नाही, म्हणून नुसते टाके घातलेली लिगामेंट्स पुढे वारंवार निकामी झाली. १९१७ मध्ये अर्नेस्ट हे-ग्रोव्ह्ज या इंग्रज सर्जननी मांडीच्या बाहेरच्या पट्ट्याची पट्टी काढून ती लिगामेंटच्या जागी ओवली. आजच्या पुनर्रचनेचं, म्हणजे दुसरीकडची उती घेऊन नवं लिगामेंट बसवण्याचं, बीज त्यातच आहे. १९८० च्या दशकात कृत्रिम धाग्यांच्या लिगामेंट्सचं खूप कौतुक झालं, पण ती झिजली, तुटली आणि त्यांच्या कणांनी सांधे सुजले.

शिवण्याला आज पुन्हा थोडी जागा मिळाली आहे, पण फक्त लिगामेंट मांडीच्या हाडाजवळून अखंड सुटलं असेल आणि दुखापत ताजी असेल तर. अमेरिकेत डिसेंबर २०२० मध्ये रुग्णाच्याच रक्तात भिजवलेल्या कोलॅजनच्या तुकड्याने टोकं जुळवण्याच्या पद्धतीला मान्यता मिळाली. तरीही जगभर बहुतेकांसाठी मुख्य उपाय पुनर्रचना हाच आहे.

ग्राफ्ट कुठून घ्यायचा

हा निर्णय सर्जनवर सोपवून मोकळं होऊ नये, कारण तो तुमच्या रोजच्या बसण्या-उठण्याशी जोडलेला आहे. पाश्चात्त्य पुस्तकांमध्ये जमिनीवर बसून जेवणाऱ्या, भारतीय शौचालय वापरणाऱ्या, वज्रासनात बसणाऱ्या माणसाचा फारसा विचार नसतो.

हॅमस्ट्रिंग म्हणजे मांडीच्या मागच्या, आतल्या बाजूच्या दोन कंडरा. आपल्याकडे याच सर्वाधिक वापरल्या जातात. चीर लहान, गुडघ्याच्या पुढच्या भागात दुखणं कमी. तोटा असा की गुडघा खूप खोल वाकवून ओढण्याची ताकद काहीशी घटते, आणि नडगीच्या पुढच्या भागावर त्वचेचा एक पट्टा बधिर राहू शकतो. धावताना मांडीच्या मागच्या स्नायूवर भार टाकणाऱ्यांनी याचा विचार करावा. बारीक चणीच्या माणसांत, विशेषतः मुलींमध्ये, या कंडरा कधी कधी बारीक निघतात. दुमडून तयार झालेला ग्राफ्ट आठ मिलिमीटरपेक्षा बारीक असेल तर तो तुटण्याचा धोका वाढतो, म्हणून "बारीक निघाला तर तुमचा दुसरा बेत काय?" हा प्रश्न आधीच विचारावा.

वाटीखालची कंडरा तिच्या दोन्ही टोकांच्या हाडाच्या ठोकळ्यांसकट घेतात. हाडाला हाड चिकटतं, त्यामुळे ती लवकर पक्की होते. जोरदार खेळणाऱ्या तरुणांना अनेक सर्जन हाच ग्राफ्ट सुचवतात. पण गुडघे टेकून बसताना दुखण्याची तक्रार यातच जास्त येते. नमाज पढणारे, गुडघे टेकून पूजा करणारे, फरशी बसवणारे कारागीर, बसून खुरपणी करणाऱ्या शेतकरी बाया यांनी हे सर्जनच्या कानावर घालायलाच हवं.

वाटीवरच्या क्वाड्रिसेप्स कंडरेचा वापर अलीकडे वाढतोय. ती जाड आणि भक्कम असते, गुडघे टेकताना त्रासही कमी; पण मांडीचा पुढचा स्नायू परत ताकदीला यायला मेहनत जास्त लागते. घोट्याच्या बाहेरून घेतलेली पेरोनिअस लाँगस ही कंडरा भारतात बरीच वापरली जाते, मुख्यतः एकाच वेळी अनेक लिगामेंट्स तुटली असतील तेव्हा. चढाईपटूच्या घोट्याची मात्र तिथे थोडी ताकद खर्ची पडते. दात्याच्या शरीरातला ग्राफ्ट तरुण खेळाडूंमध्ये जास्त वेळा तुटतो. त्यांनी तो टाळलेला बरा.

ऑपरेशन थिएटरमध्ये काय होतं

बहुतेकदा पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखाली भूल दिली जाते. आधी गुडघा पुन्हा हाताने तपासतात, मग दोन-तीन छोट्या छिद्रांतून दुर्बीण आत जाते. सर्जन एका बारीक आकडीने गाद्या उचलून, ढकलून पाहतात. आतल्या गादीच्या मागच्या कडेची फाट समोरून दिसत नाही, ती मागच्या बाजूने डोकावून शोधावी लागते. गादी शक्य तिथे शिवायची, कापायची नाही. टाके घातलेले असतील तर काही आठवडे वजन टाकण्यावर आणि वाकवण्यावर बंधनं येतात.

बाजूच्या टेबलावर ग्राफ्ट तयार होतो. काढलेल्या कंडरेला चिकटलेला स्नायूचा लालसर भाग खरवडून काढला जातो, तेव्हा तिचा मोत्यासारखा पांढरा रंग दिसतो. ती दुमडून टोकांना टाके घालतात, ताणून ठेवतात आणि वेगवेगळ्या मापांच्या भोकांतून ओढून जाडी मोजतात. अनेक ठिकाणी ती व्हँकोमायसिन या प्रतिजैविकात भिजवलेल्या कापडात गुंडाळतात, त्यामुळे जंतुसंसर्गाचं प्रमाण कमी होतं.

मग हाडांमध्ये बोगदे. कौशल्य पणाला लागतं ते इथे. जुन्या पद्धतीत मांडीच्या हाडातला बोगदा नडगीच्या बोगद्यातूनच पाडत, त्यामुळे ग्राफ्ट फार उभा बसायचा. असा ग्राफ्ट नडगीला पुढे सरकू देत नाही, पण पीळ रोखत नाही, रुग्ण म्हणतो, "सरळ धावता येतं, वळता येत नाही." म्हणून आता बरेच सर्जन आतल्या बाजूच्या वेगळ्या छिद्रातून, मूळ लिगामेंट जिथे चिकटलेलं होतं त्याच जागी बोगदा पाडतात. ग्राफ्ट ओढून घेतला की वरच्या टोकाला हाडाबाहेर अडकणारं छोटं धातूचं बटण आणि खालच्या टोकाला स्क्रू. टाके घालण्याआधी लॅकमन पुन्हा करून पाहिली जाते. नडगी आता खटकन थांबायला हवी.

कधी आणखी काही जोडावं लागतं

काहींना एवढ्यावर भागत नाही. वय पंचवीसच्या आत, वळणांचा खेळ, पिव्हट शिफ्ट जोरदार, सगळेच सांधे लवचीक, किंवा आधीचा ग्राफ्ट तुटलेला, अशांना गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूने एक पट्टा घालून पीळ आवरण्याचं जोडऑपरेशन विचारात घ्यावं. कॅनडा आणि युरोपमधल्या ६१८ तरुणांच्या अभ्यासात, २०२० मध्ये, हॅमस्ट्रिंग ग्राफ्टसोबत हा पट्टा घातल्यावर ग्राफ्ट तुटण्याचं प्रमाण ११ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आलं. मला हा आकडा फार मोलाचा वाटतो. आपल्या अठरा-वीस वर्षांच्या कबड्डीपटूंनी तो घेऊन सर्जनशी मोकळेपणाने बोलावं.

नडगीच्या हाडाचा माथा मागे फार उतरता असेल तर ग्राफ्टवर सतत ताण येतो. दुसऱ्यांदा ऑपरेशन करताना हा उतार एक्स-रेवर मोजलाच पाहिजे, क्वचित हाड कापून तो बदलावा लागतो. वाढत्या वयाच्या मुलांमध्ये हाडाच्या वाढीच्या चकतीला धक्का न लावणारी वेगळी पद्धत असते. मुलांच्या गुडघ्याची सवय असलेलाच सर्जन शोधावा.

पहिलं वर्ष

पहिले दोन आठवडे : सूज उतरवणं आणि गुडघा पूर्ण सरळ करणं. वाकवण्याचं नंतर होतं, सरळ करण्याचं राहून गेलं तर पुढे फार जड जातं. रात्री गुडघ्याखाली उशी घेऊ नका. बरं वाटतं, पण गुडघा वाकलेलाच राहतो. ताप, जखमेतून पाणी, वाढत जाणारी सूज, पोटरी दुखून ताठ होणं, यांपैकी काहीही झालं तर त्याच दिवशी दाखवा.

सहा ते बारा आठवड्यांच्या दरम्यान फसगत होते. दुखणं गेलेलं असतं, चालणं सुधारलेलं असतं, घरचे म्हणतात आता बरा झाला. नेमक्या याच काळात ग्राफ्ट सगळ्यात कमकुवत असतो, कारण जुन्या पेशी मरून त्याच्यात नव्या रक्तवाहिन्या शिरत असतात. सायकल, लेग प्रेस, अर्धे स्क्वॅट, तोल सांभाळण्याचे व्यायाम, सगळं फिजिओच्या देखरेखीखाली. मैदानावर 'नुसतं बघायला' जाऊन दोन डाव खेळणारे असतात, त्यांना थोपवणं घरच्यांचं काम. मांडी घालून बसणं आणि भारतीय शौचालय यांसाठी बहुतेक सर्जन चार-सहा महिने थांबायला सांगतात, गादीला टाके असतील तर जास्तच. तोवर कमोडची खुर्ची आणि न्हाणीघरात हाताला आधार, ही सोय ऑपरेशनच्या आधीच करून ठेवावी.

खेळात परतण्याची तारीख कॅलेंडरवरून ठरवू नये, पण नऊ महिन्यांच्या आत परतूही नये. नॉर्वेमधल्या २०१६ च्या अभ्यासात नऊ महिन्यांपर्यंत लांबवलेल्या प्रत्येक महिन्यागणिक पुन्हा दुखापतीचा दर जवळपास निम्म्याने उतरला. शिवाय मांडीची ताकद चांगल्या पायाच्या किमान ९० टक्के, एका पायावरच्या उड्या त्याच प्रमाणात, आणि उडीवरून उतरताना गुडघा आत न झुकणं, एवढं मोजून घ्यावं. स्पर्धा जवळ आली म्हणून प्रशिक्षकाने घाई केली तर हे आकडे त्याच्यापुढे ठेवावेत.

खर्च आणि कागदपत्रं

बिलात बटण, स्क्रू आणि गादीच्या टाक्यांचे सेट हे मोठे आकडे असतात. अंदाजपत्रकात ते वेगळे लिहून मागा. गादी शिवावी लागली तर खर्च किती वाढेल तेही विचारा. विमा असेल तर मंजुरीत इम्प्लांट धरलंय का, ते पाहा. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्राकडे आपलं नेमकं ऑपरेशन यादीत बसतं का, याची चौकशी भरती होण्याआधीच करावी. फिजिओचा खर्च अंदाजपत्रकात सहसा नसतो आणि तो अनेक महिने चालतो; त्याची तरतूद आधीच बाजूला काढा. पैसे कमी पडले की पहिली कात्री तिथेच लागते, आणि उत्तम झालेलं ऑपरेशन तिथेच वाया जातं.

घरी सोडताना डिस्चार्ज कार्डासोबत संपूर्ण ऑपरेशन नोटची प्रत मागून घ्या. ग्राफ्ट कुठला, जाडी किती, गाद्यांचं काय केलं, दुर्बिणीतून काढलेले फोटो आणि इम्प्लांटच्या पाकिटावरची चिकटपट्टी, सगळं एका फायलीत राहू द्या. उद्या दुसऱ्या शहरात दुसऱ्या सर्जनला हा गुडघा दाखवायची वेळ आली, तर ते पहिल्यांदा हीच फाईल मागतील.